सात नंबरचे सोमवार

४ मार्च

भाचीबाई,

आशीर्वाद आहेतच, ते काही पत्रागणिक नव्याने द्यावे लागत नाहीत. मामी म्हणते फोन कर. मी करणार नाही. फोनवर बोललेलं नंतर कुणीही नाही म्हणू शकतं, आणि ऑफिसच्या मेलचं तर नावच काढू नकोस, इथे कुणाचं काय कोण वाचतं याचा पत्ता नाही. कागदावर लिहिलेलं बरं. तूही कागदावरच उत्तर दे आणि पाकीट घरच्या पत्त्यावर टाक.

विषय असा. काल कॅन्टीनबाहेरच्या बोर्डावर मोठं रंगीत चित्र लागलं. 'भूमिगत साठ्याचं नवीन सुटसुटीत मॉडेल', आणि खाली मुख्य कचेरीतल्या तुझ्या विभागाचं नाव. लोक म्हणाले, भाचीचं काम आहे ना, बघा तरी. मी ऐटीत चष्मा पुसून बघायला गेलो. मधला साठा लाल, पश्चिमेचा पिवळा, विहिरी एक ते सहा जागच्या जागी. पूर्वेला कोरा कागद. सात नंबरची विहीर नाही, तिच्या खालचा खडकही नाही. आणि त्या खडकाच्या बरोबर डोक्यावर आमची वसाहत आहे. साठ घरं. त्यातल्या एका घरात तू दहावीपर्यंत राहिलीस.

एकतीस वर्षं मी हे काम करतोय. उन्हाळ्यात गॅस जमिनीखालच्या खडकात भरायचा, थंडीत काढायचा, आणि खाली दाब किती झालाय ते दर सोमवारी गेजवर बघून रजिस्टरमध्ये लिहायचं. एक ते सहाच्या गेजना तारा आहेत, त्यांचे आकडे आपोआप येतात. सात नंबर टेकडीवर. तिथे तार नाही, तिथे मी आहे. माझा एकही सोमवार चुकलेला नाही हे इथले साहेब दर भाषणात सांगतात, तीस एप्रिलला मी रिटायर होताना पुन्हा सांगणार आहेत.

मग सात नंबर गेली कुठे? वसाहत इथून हलवायची अशी कुजबुज वर्षभर चालू आहे. परवापासून पंपघराच्या नळाला पाण्याबरोबर बुडबुडे येतात, तक्रार केली तर म्हणतात पाइप जुने झाले. कुठेतरी पाणी मुरतंय. आधी आम्हाला कागदावरून उठवायचं आणि मग जमिनीवरून, असा साहेबांचा डाव असेल तर तू त्यात कशी, एवढं मला सांग.

गुडघा उत्तम आहे. मामी काही वेगळं सांगेल, तिकडे लक्ष देऊ नकोस.

तुझा मामा


१० मार्च

मामा,

पाकीट घरच्या पत्त्यावरच टाकतेय. वर चिकटपट्टीही लावली आहे, म्हणजे साहेबांना वाफेवर उघडता येणार नाही. झालं समाधान?

मला कुणी काही पुसायला सांगितलेलं नाही. पूर्व बाजू मी पुसली नाही, गणिताने गाळली. कशी ते सांगते, आणि चिडायच्या आधी पूर्ण वाच.

साठ्याचं मोठं मॉडेल म्हणजे खडकाचे चार लाख तुकडे. प्रत्येकात दाब किती, गॅस किती, पाणी किती. एकदा चालवायला नऊ तास लागतात. पंधरा एप्रिलपासून भरणा वाढवायचाय आणि कोणत्या विहिरीत किती गॅस सोडायचा हे दर तासाला ठरवायचंय, त्याला नऊ तास कोण थांबणार? म्हणून मी मॉडेल आटवलं. याचं शास्त्र आहे, कंट्रोल थिअरी, म्हणजे यंत्राला ताब्यात ठेवायचं गणित. ते दोनच प्रश्न विचारतं. विहिरीवरचा व्हॉल्व फिरवला तर आतली ही गोष्ट हलते का? आणि हलली तर कुठल्या विहिरीवर दिसते का? जे हलतही नाही आणि दिसतही नाही, ते सोडून द्यायचं. लाखो गोष्टींतून चौतीस उरल्या आणि उत्तर एका मिनिटात येतं. मी किती खूश होते तुला कल्पना नाही.

असं समज, शंभर खोल्यांचं घर आहे आणि तू बाहेर उभा आहेस. तुझ्या हातात दाराच्या कड्या, समोर थोड्या खिडक्या. कडी कितीही वाजवली तरी जिथलं काही हलत नाही आणि खिडकीतूनही काही दिसत नाही, अशी खोली हिशेबातून गेली तर बाहेरच्या माणसाला काय फरक पडतो? पूर्वेचा खडक तशी खोली निघाली. यात डाव कुठला?

आणि गुडघ्याबद्दल मी विचारलंच नव्हतं. तू आपणहून का सांगितलंस?

भाची


१४ मार्च

भाचीबाई,

फरक असा पडतो की त्या खोलीत आम्ही राहतो.

पत्र मामीलाही वाचून दाखवलं. तिला तुझं घराचं उदाहरण आवडलं. मला नाही आवडलं. तू म्हणतेस गणिताने गाळलं. गणिताला काय डोळे असतात? पूर्वेचं काही हलत नाही हे त्याला कुणीतरी सांगितलं असणार. कोणी सांगितलं? तू टेकडीवर आली नाहीस. साहेब तर त्यांचे बूट खराब होतील म्हणून पंपघरातसुद्धा येत नाहीत.

मला विचारशील तर माझ्या रजिस्टरमधून तुझ्यापर्यंत जाताना आकडे बदलले गेलेत. ते काम कॉम्प्युटर खोलीतला ऑपरेटर करतो आणि तो साहेबांच्या शब्दाबाहेर नाही. मधला खडक आणि पूर्वेचा खडक यांच्यात फट आहे, ती पुरती बंद नाही, हे जुने लोक मला पहिल्या वर्षापासून सांगत आलेत. भरणा चालू असला की सात नंबर हळूहळू चढायचीच, आठवड्या-दोन आठवड्यांनी. ती चढली नाही असं तुझं गणित म्हणत असेल तर कुणीतरी मधल्यामध्ये हात मारलाय. माझी मूळ रजिस्टरं मागव आणि एकेक ओळ ताडून बघ. मग कळेल तुला तुझ्या ऑफिसात कोणती माणसं आहेत.

नळाचे बुडबुडे वाढलेत. काल पेल्यात पाणी घेतलं तर वर फेस आला.

मामा


१९ मार्च

मामा,

तुझ्या सांगण्यावरून रजिस्टरं मागवली. आठ आली. तीन संध्याकाळ एकटीने बसून तुझी प्रत्येक ओळ कॉम्प्युटरमधल्या आकड्याशी ताडली. एकही आकडा बदललेला नाही. ऑपरेटरने इमानाने उतरवलंय. त्या बिचाऱ्यावर आपण उगाच संशय घेतला.

पण ताडताना दुसरंच काही दिसलं. लिहू की नको यात दोन दिवस गेले.

जुन्या रजिस्टरांत सात नंबरचे आकडे कसे आहेत माहीत आहे? जिवंत. एकशे चार, शंभर, एकशे नऊ. एके ठिकाणी 'पाऊस, काच धुरकट, पुन्हा पाहिले' असा शेरा. दोन वर्षांपूर्वीच्या नोव्हेंबरनंतर शेरे बंद. आकडे सत्त्याण्णव, सत्त्याण्णव, शहाण्णव, सत्त्याण्णव, अठ्ठ्याण्णव. खाली भरणा चालू असो की बंद, सात नंबर आपली स्वस्थ. गेल्या वर्षी वादळात टेकडीची वाट चार दिवस बंद होती, फाटकावर फोन करून विचारलं, तिथल्या वहीत तशी नोंद आहे. त्या सोमवारीही सत्त्याण्णव.

मॉडेल खऱ्या आकड्यांवर बसवताना मी हीच शेवटची दोन वर्षं घेतली होती. सात नंबर हलत नाही म्हटल्यावर कॉम्प्युटरने फट पूर्ण बंद आहे असं धरलं. फट बंद, म्हणजे पूर्वेचं काही हलत नाही आणि दिसतही नाही. म्हणून ती बाजू गळाली. तू विचारलं होतंस ना, गणिताला कोणी सांगितलं. सात नंबरने सांगितलं.

गेज अडकलं असेल ना मामा? जुनं झालं की काटा एका जागी बसतो. तसं असेल तर एका ओळीत कळव, मी गेज बदलायला सांगते आणि विषय संपला.

भाची


२२ मार्च

गेज ठणठणीत आहे. दर सहा महिन्यांनी त्याची तपासणी होते, त्याचे कागद आहेत.

वाट चार दिवस बंद होती ती गाड्यांना. माणसाला कुठलीच वाट बंद नसते. फाटकावरचा माणूस सांगेल त्यावर तुझा विश्वास आणि माझ्यावर नाही. काट्यावरचा आकडा कसा वाचायचा हे तुला मी शिकवलं, खांद्यावर बसवून, त्याच सात नंबरवर. आज तू माझी रजिस्टरं पोलिसासारखी तपासतेस. साहेबांनीच तुला हे शिकवलं असणार, स्वतः नामानिराळे राहून घरच्या माणसाकडून मला तोंडावर पाडायचं. महिन्याभरावर माझा सत्कार आलाय, म्हणून बरोबर आत्ताच.

पुन्हा या विषयावर लिहू नकोस.

मामा


२५ मार्च

मामा,

लिहू नकोस म्हणालास, तरी लिहितेय. साहेबांना मी अजून काही बोललेले नाही. माझ्या शेजारच्या टेबलावरच्या माणसालाही नाही. रजिस्टरं माझ्या कपाटात आहेत आणि किल्ली पर्समध्ये आहे. तुझ्यामुळे मीही आता मागे वळून बघत चालते.

तीन एप्रिलला मला मॉडेलवर सही करायची आहे. सही झाली की पंधरापासून व्हॉल्व त्याच्या सांगण्यावर फिरतील. त्याला पूर्व बाजू माहीतच नाही, त्यामुळे तिकडे काय होतंय याची ते फिकीर करणार नाही. पूर्वेच्या खडकावरचं झाकण पातळ आहे. तिथे दाब एकशे वीसच्या पुढे गेला तर ते तडकू शकतं. मग गॅस वर येईल. वर काय आहे ते तूच मला लिहिलंस.

सात नंबर खरोखर सत्त्याण्णव असेल तर काही धोका नाही, तुम्ही निवांत झोपा. म्हणून मी दुसऱ्या कुणाला विचारत नाही, तुला विचारते. गेज ठीक आहे आणि आकडे खरे आहेत, एवढं तुझ्या हाताने लिहून पाठव. मी त्याच्या भरवशावर सही करते.

मामीला नळाचं पाणी वापरू देऊ नकोस.

भाची


२९ मार्च

पोरी,

सही करू नकोस.

तुझं पत्र आलं तेव्हा 'आकडे खरे आहेत' असं लिहून पाकीट बंदसुद्धा केलं होतं. मामी पाणी भरायला बाहेरच्या टाकीवर चालली होती, दोन्ही हातात बादल्या. तिला बघितलं आणि पाकीट फाडलं.

दोन वर्षांपूर्वी नोव्हेंबरात सात नंबरवरून उतरताना पाय घसरला. घरी सांगितलं जिन्यात पडलो. डॉक्टर म्हणाले, चढण बंद. ऑफिसात कळवलं असतं तर त्यांनी मला टेबलावर बसवलं असतं आणि सोमवारचं काम दुसऱ्याकडे गेलं असतं. पहिल्या सोमवारी वाटलं, उद्या चढू, आज मागचाच आकडा लिहू. पुढच्या सोमवारी तेच. मग ते सोपं झालं. जीपने टेकडीखाली जायचं, दगडावर बसायचं, तासाभराने परत यायचं. आकडा असा लिहायचा की कुणी मान वर करून बघू नये. चढता लिहिला तर साहेब तपासायला येतील, उतरता लिहिला तरी येतील. म्हणून सत्त्याण्णव. माझ्या हिशेबाने त्यात कुणाचं नुकसान नव्हतं. ते वाचून एखादं गणित आमच्या घराखालची जमीन नाहीशी करेल हे माझ्या डोक्यात कुठून येणार?

आज चढलो. पूर्वी पंचवीस मिनिटं लागायची, आज अडीच तास लागले, निम्मी चढण बसून बसून. काच पुसली. तीनदा वाचलं. एकशे एकोणीस.

तुला पोलीस म्हणालो ते मनातून काढून टाक. मला लाज वाटते.

मामा


३ एप्रिल

मामा,

सही केली नाही. भरणा वाढवण्याचं काम आजपासून थांबलंय.

आता मी काय केलं ते ऐक, कारण तुला बाहेरून कळण्यापेक्षा माझ्याकडून कळलेलं बरं. तुझं पत्र वाचून मी आधी रडले. मग डोळे पुसले आणि पहिला विचार आला तो हा, की हा एकशे एकोणीस तरी खरा कशावरून? ज्याने दोन वर्षं सत्त्याण्णव लिहिलं, तो घर वाचवायला एकशे एकोणीसही लिहील. मर्यादेच्या बरोबर एक खाली. मला तो आकडाही फार सोयीचा वाटला. तुझ्याबद्दल असा विचार येतोय याचं मला वाईट वाटत होतं, तरी तो जाईना.

म्हणून वर्कशॉपच्या फिटरला फोन केला. काल सकाळी त्याला वेगळं गेज घेऊन सात नंबरवर पाठवलं आणि मामांना कळता कामा नये असं बजावलं. त्याने दोन्ही गेज वाचली. तुझ्या गेजवर एकशे एकोणीस, त्याच्या गेजवर एकशे साडेएकोणीस.

फट अरुंद आहे. गॅस तिकडे हळू जातो आणि त्याहून हळू परत येतो. मधला साठा थंडीत रिकामा झाला तरी पूर्वेचा दाब उतरला नाही, तो यामुळे. पंधरापासून माझ्या मॉडेलने आणखी भरलं असतं तर तो एकशे वीस ओलांडून गेला असता. चूक एकट्या तुझी नाही. दोन वर्षं एखादी विहीर ढिम्म हलत नाही हे बघून मी विचारायला हवं होतं. पण मला मॉडेल लहान व्हायला हवं होतं, आणि सात नंबर गेली की ते छान लहान होत होतं.

रिपोर्टमध्ये फिटरचा आकडा घातलाय आणि त्यासोबत रजिस्टरं साहेबांकडे परत पाठवलीत. 'जुन्या नोंदी का जुळत नाहीत' या रकान्यात काही लिहिलेलं नाही. तुझं पत्र मी कुणाला दाखवलेलं नाही, दाखवणारही नाही. तो रकाना माझा नाही.

आता पूर्व बाजू परत बसवायची तर तू पडलास त्या नोव्हेंबरपासून आजपर्यंतचं सात नंबरचं खरं काही मला हवं. एखादा सोमवार तरी खरा आहे का?

भाची


९ एप्रिल

पोरी,

रकाना भरला. साहेबांकडे मीच गेलो. त्यांनी दार लोटून घेतलं आणि म्हणाले, गेज खराब होतं असं लिहू, तुमचंही निभेल आणि आमचंही. मी म्हटलं, फिटरने परवाच वाचलंय ते, मग खराब कसं म्हणणार? मग मी रजिस्टर पुढे ओढलं आणि त्यांच्यासमोर एकेका सोमवारावर काट मारून सही केली. एकशे एकवीस सह्या. शेवटीशेवटी हात दुखायला लागला. चौकशी बसेल. सत्कार होणार नाही हे त्यांनी न विचारताच सांगितलं. वसाहतीच्या वरच्या ओळीतली वीस घरं सात नंबर उतरेपर्यंत रिकामी करायला लावलीत. शेजारी माझ्याशी बोलत नाहीत, त्यांचं काय चुकलं? मामी बोलते, पण कामापुरतं.

फिटरचं मला त्याच दिवशी कळलं होतं. त्याच्या बुटाला वरची तांबडी माती होती आणि तो माझ्याकडे बघायचं टाळत होता. दोन दिवस तुझा राग आला. मग वाटलं, दोन वर्षांपूर्वी असंच कुणी माझ्या मागून चढलं असतं तर मी त्याला शिव्या दिल्या असत्या आणि वाचलो असतो.

तू विचारलंस, एखादा सोमवार खरा आहे का. आहे. तो मागच्या पत्रात लिहायला धीर झाला नाही. गेल्या ऑक्टोबरच्या शेवटच्या सोमवारी गुडघा बरा वाटत होता, म्हणून चढलो होतो. काटा एकशे बारावर होता. आदल्या सोमवारी मी सत्त्याण्णव लिहिलेलं. एका आठवड्यात पंधरा कसे चढले याचं उत्तर माझ्याकडे नव्हतं, म्हणजे होतं, पण देण्यासारखं नव्हतं. मी तिथेच उभं राहून अठ्ठ्याण्णव लिहिलं आणि खाली आलो. खाली काय चाललंय ते मला तेव्हापासून माहीत होतं. नळाला बुडबुडे आले तेव्हा ते कशाचे हेही माहीत होतं. साहेबांवर, ऑपरेटरवर, तुझ्यावर संशय घेत सुटलो, कारण दुसऱ्या कुणाचा तरी हात निघायला हवा होता.

तर ऑक्टोबरचा शेवटचा सोमवार, सकाळी अकरा, एकशे बारा. तुझ्या कामाला येईल. पण मी सांगतोय म्हणून खरा धरू नकोस. फिटरच्या आकड्याशी जुळतो का ते बघ, आणि जुळला तरच घे.

मामा